लेकरांच्या चालीने

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३३:१-१७, लूक २:४१-५२, निर्गम १९:१०-१३, अनुवाद २३:१२-१४

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या मंडळ्यांतून मुलांच्या शिबिराची बोलणी सुरू होतात. ठिकाण ठरते, गाडी ठरते, तांदूळ-डाळ महिला मंडळाकडून यावयाची हेही ठरते. आणि धडे काय घ्यावयाचे हा प्रश्न सर्वांत शेवटी, बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री, रविवारच्या शाळेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. तो बिचारा डोंगर म्हटल्यावर सीनाय, कर्मेल व रूपांतराचा डोंगर असे तीन दिवसांचे तीन धडे लिहून मोकळा होतो. धडे वाईट नसतात. परंतु मुलांना बरोबर घेऊन वाट चालावी कशी, ह्याविषयी पवित्र शास्त्रात जे आहे ते ह्या तिन्ही डोंगरांवर सापडत नाही. ते याकोबाच्या काफिल्यात सापडते.

उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय आपण दोन भावांच्या समेटासाठी वाचतो, आणि एसावाने मिठी मारली की पुस्तक मिटतो. पुढची पाच-सहा वचने कोणी फारशी वाचत नाही. तेथे असे आहे की एसाव चारशे माणसे घेऊन आलेला आहे, त्याची मंडळी सडी व चपळ आहे, आणि तो भावाला म्हणतो, चला, आता बरोबरच जाऊ, मी पुढे होतो. याकोब हे नाकारतो. त्याचे कारण मोठे घरगुती आहे : लेकरे कोवळी आहेत, गुरामेंढरांत दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी ह्यांना दामटले तरी कळप मरेल, तेव्हा आपण पुढे व्हा, मी जनावरांच्या व लेकरांच्या चालीने सावकाश येतो.

मूळ इब्री भाषेत येथे ‘रेगेल’ हा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ पाय. लेकरांच्या पायाने, म्हणजे त्यांचे पाऊल जेवढे पडेल तेवढ्याने. वर्षातून तीन सण पाळावे अशी आज्ञा निर्गम २३:१४ मध्ये आहे; तेथे ‘तीन वेळा’ ह्यासाठी हाच शब्द अनेकवचनात येतो, आणि पुढे यहूदी लोक यात्रेच्या सणांना त्याच नावाने ओळखू लागले. ‘सावकाश’ ह्यासाठी जो शब्द आहे तो यशया ८:६ मध्ये शिलोहाच्या संथ पाण्याविषयी वापरलेल्या शब्दाच्याच घराण्यातला आहे. म्हणजे याकोबाची चाल थकलेल्या माणसाची रखडणारी चाल नव्हे. वाहत्या पाण्यासारखी ती चालूच आहे, फक्त तिला घाई नाही.

ही लेकरे केवढी होती ह्याचा हिशेब वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा. त्यांना तो फार आवडतो. याकोब लाबानाच्या घरी वीस वर्षे होता. पहिली सात वर्षे लग्नापूर्वीची. म्हणजे रऊबेन, थोरला, फार तर बारा-तेरा वर्षांचा. योसेफ चौदा वर्षे भरल्याच्या सुमारास झाला, म्हणून तो सहा-सात वर्षांचा. बन्यामीन अजून जन्मला नव्हता. सहापासून तेरापर्यंतची अकरा मुलगे आणि दीना : आपल्या रविवारच्या शाळेचा कनिष्ठ वर्ग जसाच्या तसा वाटेवर उभा आहे!

दुसरी गोष्ट बहुतेक शिक्षकांच्या नजरेतून सुटते. आदल्याच रात्री यब्बोकच्या उतारापाशी याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला होता, आणि पनुएलाहून निघताना तो लंगडत होता (३२:३१). लेकरांच्या चालीने येतो असे म्हणणारा मनुष्य स्वतः लंगडा आहे. आदल्या आठवड्यातला याकोब असता तर तो असे बोलला असता की काय, मला शंका आहे.

कोणी हुशार विद्यार्थी विचारील की याकोब पुढे सेईराला गेलाच नाही, सुक्कोथास गेला. मग ही सगळी सबबच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो दडपू नये. त्याला एसावाची सोबत नको होती हे उघड आहे. तथापि सबब म्हणून सांगितलेली गोष्ट खोटीच असते असे नाही. लेकरे कोवळी होतीच. आणि तो जेथे थांबला तेथे त्याने गुरांसाठी मांडव घातले. ‘सुक्कोथ’ ह्या नावाचा अर्थच मांडव. लेवीय २३ मध्ये ज्या सणात सात दिवस मांडवात राहावयाचे तो सण ह्याच शब्दाने ओळखला जातो. पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून असे राहा, असे कारण तेथे दिले आहे. घरदार असलेल्या लोकांनी मुलाबाळांसह आठवडाभर डहाळ्यांखाली झोपावे, ही शिबिराची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

आता आंबोलीला येऊ.

आम्हां बेळगावकडच्या मंडळ्यांना आंबोली जवळची. चंदगड तालुक्यातून सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. गंमत अशी की बेळगाव स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटर; तेव्हा ‘डोंगरावर चाललो’ म्हणून गाडीत बसलेली आमची मुले खरे पाहता थोडी खालीच उतरतात. डोंगर कळतो तो घाटमाथ्याच्या कडेवर, महादेवगडाच्या टोकाशी उभे राहिल्यावर, जेव्हा पायाखाली एकदम कोकण पसरते. सावंतवाडीकडून चढून येणाऱ्या मुलांना मात्र गारवाही जाणवतो, कारण हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. सहाशे मीटरला चारएक अंश.

एरवी पावसाळ्यात तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात म्हणून काही लोक नाक मुरडतात. मुलांसाठी मला मे महिनाच बरा वाटतो : शेवाळलेले खडक नाहीत, जळवा नाहीत, पर्यटकांची गर्दी नाही, आणि करवंदे व जांभळे आहेत.

वाटेवर रांग कशी लावावी ह्यावर मी जरा हट्टी आहे. सामान्यतः काय होते? दांडगी मुले व एखादा उत्साही तरुण संघाचा सभासद पुढे सुटतात. पाऊण तासाने ते सावलीत बसतात, पाणी पितात, गाणी म्हणतात. मागची मुले धापा टाकीत तेथे पोहोचली की पुढचे म्हणतात, आले सगळे, चला! ज्यांनी विश्रांती घेतली त्यांनाच ती पुन्हा मिळते आणि ज्यांना ती हवी त्यांना कधीच मिळत नाही. म्हणून सर्वांत हळू चालणारे मूल पहिल्या शिक्षकाच्या मागोमाग असावे, आणि कोणीही त्याच्या पुढे जाऊ नये. सर्वांच्या शेवटी एक जबाबदार मोठा मनुष्य, ज्याच्या मागे कोणी नाही. सहा मुलांमागे एक मोठा, मुली असल्यास बायका बरोबर, आणि चढाच्या वाटेवर तासाला दोन किलोमीटरहून अधिक धरू नये, असा माझा हिशेब आहे.

एका मंडळीत, नाव सांगण्याचे कारण नाही, अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा एक पाय जन्मापासून आखूड. समितीने मोठ्या मायेने ठरविले की तिला त्रास नको, तिला घरीच ठेवावे व येताना तिच्यासाठी काजूगर आणावेत. मुलीची आई सभेला आली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, की तिला चालता येत नाही म्हणून ठेवता, की तिच्यामुळे तुम्हाला टोकापर्यंत जाता येणार नाही म्हणून ठेवता? कोणाला उत्तर देता आले नाही. शेवटी ती मुलगी गेली, आणि रांगेत पहिली चालली. ते टोकापर्यंत पोहोचले नाहीत हे खरे. अर्ध्या वाटेवरून ऊन चढल्यामुळे परतावे लागले. दोन मोठी मुले त्यावरून दिवसभर फुरंगटून होती, आणि त्यांची समजूत काढण्यात एका शिक्षकाचा दिवस गेला. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की लेकरांच्या चालीने जाणे फुकट होत नाही. याकोबालाही सेईर गाठता आले नाही. पण काय गमवावे लागेल ते आधी ठरवून, मुलांना आधी सांगून निघावे. मग फुरंगटणेही कमी होते.

दुसरा पाठ लूकाच्या दुसऱ्या अध्यायातला. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला आणि आईबापांनी एक दिवसाची वाट चालेपर्यंत त्याला शोधले नाही. त्यावरून मरीयेला बोल लावणारे उपदेश मी ऐकले आहेत. ते मला पटत नाहीत. वचनात कारण स्पष्ट आहे : तो सोबतच्या लोकांत असेल असे त्यांना वाटले. ‘सोबत’ ह्यासाठी लूकाने ‘सुनोदिया’ हा ग्रीक शब्द घातला आहे. ‘बरोबर’ आणि ‘वाट’ अशा दोन शब्दांचा तो बनलेला. आपल्या मंडळीच्या कारभारातला ‘सिनड’ हा शब्दही त्याच दोन शब्दांपासून आला. माणसे पुष्कळ, सगळी ओळखीची, सगळी प्रेमाची. आणि म्हणूनच प्रत्येकाला वाटले की मुलगा दुसऱ्या कोणाबरोबर असेल. मूल हरवते ते बहुधा अशाच गर्दीत.

तेव्हा मोजणी. गाडीत बसताना, उतरताना, वाटेला लागताना, प्रत्येक थांब्यावर व निजण्यापूर्वी. नुसते ‘सगळे आहेत ना?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला मुले नेहमी ‘हो’ म्हणतात. प्रत्येक मुलाला एक जोडीदार व एक आकडा द्यावा आणि मुलांनी आपापला आकडा मोठ्याने म्हणावा. निघण्यापूर्वी आईबापांकडून लेखी परवानगी घ्यावी व त्याच कागदावर मुलाचे आजार, चालू औषधे, कशाने अंगावर उठते ते, आणि घरचा फोन लिहून घ्यावा. दमा असलेल्या मुलाचा पंप त्याच्या पिशवीत नव्हे तर त्याच्याबरोबर चालणाऱ्या शिक्षकाच्या खिशात पाहिजे.

आता तळाविषयी. सीनायाच्या पायथ्याशी देवाने मोशेला डोंगराभोवती मर्यादा आखावयास सांगितले, आणि कोणी डोंगराच्या कडेलाही शिवू नये असे बजावले. त्या वचनाचा अर्थ पावित्र्याचा आहे, कठड्याचा नाही, हे मला माहीत आहे. तरीही मर्यादा आधी आखली जाते आणि लोक नंतर जवळ येतात, हा क्रम शिबिराच्या प्रमुखाने ध्यानात धरावा. कड्यावर पोहोचल्यानंतर ‘पुढे जाऊ नका’ असे ओरडण्यात अर्थ नसतो. कुठल्या दगडाशी थांबावयाचे ते मुलांना खालीच सांगावे, आणि त्या दगडाच्या पलीकडे एक मोठा मनुष्य आधी उभा करावा. तंबू ठोकावयाचे ते जंगलात नव्हे, उतरावयाच्या जागेच्या आवारात, मालकाच्या परवानगीने. आंबोलीच्या रानात गवे आहेत, आणि रात्री ते रस्त्यावरही येतात. दगड उचलू नयेत, अंधारात बॅटरीवाचून पाऊल टाकू नये, बूट झटकून घालावे. ह्या भागात फुरसे आहे. कोणास साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे हे सर्व टाळावे. मुलाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलणार नाही असा ठेवावा आणि गाडी रुग्णालयाकडे काढावी. सावंतवाडीला सरकारी रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मात्र दरीच्या बाजूला मोबाइलला रेंज कोठे मिळते ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे, आणि एक गाडी चालकासह तळावर असावीच.

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव येतो. तेव्हा चाल सकाळीच उरकावी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजण्यास मुलांना शिकवावे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. परंतु हा खेळ घरात बसून खेळावा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. माथ्यावरून उतरावे, एकट्या झाडाखाली कधीही थांबू नये, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

अनुवाद २३:१२-१४ हा भाग आपण मुलांपुढे कधी वाचत नाही. तळाबाहेर एक जागा असावी, हत्यारांत एक खुंटी असावी, तिने खणावे व परत बुजवावे, कारण देव तळामधून फिरत असतो. पहिल्या संध्याकाळी हा भाग मोठ्याने वाचावा. मुले खो-खो हसतात, हसू द्यावे. हसून झाल्यावर त्यांना सांगावे की पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल, आणि कागद परत पिशवीत. जेथे संडास आहे तेथे अर्थात संडासच वापरावा. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे; मूल मलूल दिसले तर डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीच्या उगमाकडे जावे. तेथे मंदिर आहे, ते इतरांचे पूजास्थान आहे. मुलांनी चपला काढाव्या, आवाज खाली ठेवावा, आणि फोटोसाठी चाळे करू नयेत. ह्या पाण्यात सापडलेल्या एका लहान माशाची २०२० साली नवीन जात म्हणून नोंद झाली आणि ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव पडले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून तेथे साबण नाही, पाय धुणे नाही, खाऊचे कागद नाहीत. मुलांना हेही सांगावे की हे पाणी पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आणि आपण काल ज्या कड्यावर उभे होतो त्याच्या पलीकडे पडलेला थेंब थोड्याच तासांत अरबी समुद्राची वाट धरतो. नकाशा बरोबर न्यावा. मुलांना बोटाने ती वाट काढू द्यावी. येथे उपदेश जोडण्याचा मोह शिक्षकाने आवरावा, असे माझे मत आहे.

रात्रीच्या धड्याविषयी दोन शब्द. डोंगर म्हणून पुष्कळ जण मोरियाचा पाठ घेतात, अब्राहाम इसहाकाला घेऊन चढतो तो. मोठ्या माणसांसाठी तो अथांग पाठ आहे. परंतु जे आठ वर्षांचे पोर आयुष्यात प्रथमच बापापासून दूर, अंधारात झोपणार आहे, त्याला त्या रात्री तो सांगू नये. त्याऐवजी बाहेर सतरंजी घालून आकाश दाखवावे. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात कृत्तिका व मृगशीर्ष ह्यांचा उल्लेख आहे. मात्र मेमध्ये रात्री ते दाखवू म्हणून वर बोट केले तर फजिती होईल, कारण तोवर ते मावळलेले असतात. उत्तरेला सप्तर्षी, डोक्याकडे स्वाती व चित्रा, आणि क्षितिज मोकळे असेल तर दक्षिणेला खाली त्रिशंकू, हे दिसतील. शेकोटी नको. त्या दिवसांत गवत वाळून कोळ झालेले असते, आणि राखीव जंगलात आग पेटविणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कंदिलाभोवतीही गाणी म्हणता येतात. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला इतरांसमोर ‘शूर हो’ म्हणू नये. जवळ घेऊन झोपवावे.

राहिला प्रश्न वर्गणीचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत अवघड. लॉर्ड बेडन-पॉवेल ह्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरविले. त्यातून पुढे बालवीर चळवळ निघाली. त्या तळावर श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले होती, आणि गावातल्या कामकरी घरांतली, बॉइज ब्रिगेडची मुलेही होती. पहिल्यांकडून एक पौंड घेतला, दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग. पौंडाचे त्या काळी वीस शिलिंग होत. तंबूत मात्र सर्व मिसळून. आपल्याकडे काय होते? सर्वांना सारखी वर्गणी लावली म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो. मग ज्या घरी तीन मुले आहेत तेथून एकच येते, किंवा एकही येत नाही, आणि आई सांगते की मुलांना बरे नाही. शिबिराच्या यादीत कोण आहे ह्यापेक्षा हजेरीपटावर असून यादीत कोण नाही, हे शिक्षकाने घरी बसून एकदा ताडून पाहावे, आणि त्या घरांना पाळकसाहेबांनी किंवा पाळकबाईंनी वर्गणीचा विषय न काढता भेट द्यावी. कमी पडलेले पैसे मंडळीच्या निधीतून भरावे. कोणाचे भरले ते खजिनदाराखेरीज कोणास कळू नये, शिबिराच्या शिक्षकालाही नाही. नवी सतरंजी, नवा डबा, बूट असलेच पाहिजेत अशा याद्या पाठवू नयेत. बूट नसतील तर मागे पट्टा असलेली चप्पल चालते, आणि वाट त्या चपलेला झेपेल एवढीच निवडावी.

ह्या पाठाचे वर्ग निघण्यापूर्वीच्या दोन रविवारी घ्यावे. पहिल्या रविवारी मुलांकडून याकोबाचा काफिला कागदावर काढून घ्यावा, कोण पुढे, कोण मधे, कोण शेवटी. दुसऱ्या रविवारी त्याच मुलांना आपली स्वतःची रांग ठरवू द्यावी, आणि पहिल्या जागेवर कोणाला ठेवावयाचे ते त्यांनाच सांगू द्यावे.